‘पेच्यि’ : एका क्रियापदात तीन ‘च’

सर्बो-क्रोएशियन शिकायला घेतलेल्या मराठी माणसाने पहिलं अनियमित क्रियापद कोणतं निवडावं? मला विचाराल तर ‘पेच्यि’. अर्थ भाजणे. झाग्रेबच्या ‘पेकारा’मध्ये, म्हणजे बेकरीत, बेलग्रेडच्या खानावळीत, साराजेवोत कुणाच्या घरी कॉफीला गेलात तर तिथेही हे क्रियापद कानावर पडतं. पाठ्यपुस्तकांत त्याची ओळख ‘अपवाद’ अशी करून दिलेली असते, कारण रूपं चालवताना त्याच्या मधलं व्यंजन तीनदा बदलतं. मात्र हे बदल ज्या नियमाने होतात त्याच जातीचा नियम आपण ‘स्वयंपाक’ आणि ‘पचन’ हे शब्द उच्चारताना रोज वापरतो. तो एकदा उमगला की पाठांतराचा मोठा भाग आपोआप गळून पडतो. म्हणून इथे रूपांचा तक्ता आधी न देता मुळापासून सुरुवात करू.

नावाबद्दल थोडं. सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झगोव्हिना आणि मॉन्टेनेग्रो या चार देशांत आज सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि मॉन्टेनेग्रिन अशी चार अधिकृत नावं आहेत. व्याकरण बहुतांशी एकच असल्याने भाषाशास्त्रात एकत्रितपणे सर्बो-क्रोएशियन म्हणतात. तिथल्या माणसाशी बोलताना मात्र तो आपल्या भाषेला जे नाव देतो तेच आपणही वापरावं.

आधी तीन ‘च’ वेगळे करा

या भाषेत ‘च’सारखे तीन ध्वनी आहेत आणि तिन्ही या एका क्रियापदात येतात. मराठी माणसाला यातले दोन जन्मजात येतात.

‘चूल’ किंवा ‘चाक’ म्हणताना जीभ दातांमागे टेकते आणि जवळजवळ ‘त्स’ असा आवाज निघतो. सर्बो-क्रोएशियनमध्ये रोमन लिपीतलं साधं सी हे अक्षर नेमका हाच आवाज दाखवतं. हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्याला तो मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला नाही. या लेखात मी तो ‘त्स’ असा लिहितो.

दुसरा ध्वनी ‘चिंच’मधल्या पहिल्या ‘च’सारखा. जीभ पसरून टाळूला लागते, आवाज मऊ आणि थोडा ‘य’कडे झुकलेला. सीवर एक तिरकी रेघ असलेलं अक्षर त्यासाठी आहे. तो इथे ‘च्य’ असा लिहिला आहे.

तिसरा जाड ‘च’. ओठ किंचित पुढे काढा, जिभेचं टोक जरा मागे घ्या, ‘ट’ म्हणण्याच्या तयारीत असल्यासारखं, आणि मग ‘च’ म्हणा. सीवर छोटा व्ही काढला की हे अक्षर होतं. इथे ते साध्या ‘च’ने दाखवलं आहे.

शेवटच्या दोहोंतला फरक झाग्रेबसारख्या शहरांत आणि बोस्नियातही बरेच लोक बोलताना करत नाहीत. त्यामुळे उच्चार चुकला तर घाबरू नका, लिहिताना मात्र तो पाळावाच लागतो. ही दोन चिन्हं क्रोएशियन लेखक ल्युदेव्हित गाय यांनी क्रोएशियनसाठी रुजवली. जाड ‘च’चं चिन्ह चेकमधून आलं, मऊ ‘च्य’चं पोलिशमधून. त्यांची लेखनविषयक पुस्तिका 1830 ची आहे. सर्बियात सिरिलिक लिपीही चालते आणि तिथे या तिन्ही ध्वनींना तीन पूर्णपणे वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे गोंधळाला जागा नाही. सर्बियन भाषासुधारक व्हुक काराजिच यांनी 1818 मध्ये व्हिएन्नात सर्बियन शब्दकोश छापला, तेव्हा ‘एका ध्वनीला एक अक्षर’ हे तत्त्व काटेकोरपणे लावलं होतं. म्हणून जसं लिहिलं तसं वाचा. ‘आ’ला ‘आ’च म्हणा, शब्दाच्या शेवटी स्वर असेल तर तो पूर्ण उच्चारा आणि प्रमाणभाषेत शेवटच्या अक्षरावर जोर देऊ नका.

अर्थ : भाजण्यापासून जळजळीपर्यंत

‘पेच्यि’चा गाभा कोरड्या धगीवर शिजवणं हा. पाव भट्टीत भाजणं, मांस निखाऱ्यावर भाजणं, ढोबळी मिरची आच देऊन साल काढण्याजोगी करणं, सगळं ‘पेच्यि’. पावाला क्रोएशियात ‘क्रुह’ म्हणतात, सर्बियात ‘ह्लेब’, पण क्रियापद दोन्हीकडे एकच. शरद ऋतू आला की सर्बियात घरोघरी ‘आय्वार’ नावाची लाल मिरच्यांची चटणी वर्षभरासाठी करून ठेवतात. दक्षिणेकडचं लेस्कोव्हात्स त्यासाठी विशेष नावाजलेलं आहे. त्या दिवसांत अंगणातून मिरच्या भाजल्याचा वास येत असतो आणि काय चाललंय विचारलं तर उत्तर मिळतं, ‘पेचेमो पाप्रिके’, आम्ही मिरच्या भाजतोय. पाण्यात शिजवायला मात्र हे क्रियापद चालत नाही, तिथे ‘कुहाति’ (सर्बियात ‘कुवाति’) लागतं. तेलात तळायला ‘प्र्झिति’. अंड्याच्या बाबतीत सीमा पुसट होते: क्रोएशियात तव्यावरची अंडी ‘पेचेना याया’, सर्बियात बहुधा ‘प्र्झेना याया’.

आणखी दोन गोष्टी ‘भाजल्या’ जातात, ज्या मराठीत भाजल्या जात नाहीत. दारू गाळणं म्हणजे ‘पेच्यि राकियु’. आलुबुखारापासून गाळलेली ‘श्ल्यिव्होव्हित्सा’ करण्याची सर्बियन परंपरा 2022 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. दोनदा गाळलेल्या दारूचं नावही याच धातूचं, ‘प्रेपेचेनित्सा’. आणि बोस्नियात कॉफी ‘भाजतात’. बिया भाजण्याबद्दल हे नाही, आपण ‘चहा टाकतो’ तशी कॉफी करण्याबद्दल आहे. ‘इस्पेत्सि काह्वु’ म्हणजे कॉफी कर.

मग शरीराकडे येऊ. ‘पेचे मे’ म्हणजे मला आग होते, चुरचुरतं. हे वाक्य परदेशात राहणाऱ्याने पहिल्या आठवड्यातच शिकून घ्यावं, कारण दवाखान्यात ‘दुखतं’ आणि ‘जळजळतं’ यांत फरक करता येणं महत्त्वाचं असतं. दुखण्याला ‘बोलि मे’, जळजळीला ‘पेचे मे’. ‘पेचे मे ग्र्लो’, घसा जळजळतोय. ‘पेचे मे काद मोक्रिम’, लघवी करताना आग होते. डोळे दोन असल्यामुळे क्रियापद अनेकवचनात जातं: ‘पेकु मे ओचि’, डोळे चुरचुरतात. वाक्याची घडण मराठीच्या जवळची आहे, आग होणारा माणूस कर्ता नसतो, ‘मला’ या रूपात येतो. ऊन चटके देतं तेव्हा ‘सुन्त्से पेचे’.

मूळ : पाक आणि पचन

आता मराठीतले हे शब्द एका ओळीत ठेवा: पचन, पचणे, पाक, स्वयंपाक, पक्व, पक्का, पीक, पिकणे. पहिल्या दोघांत ‘च’ आहे, बाकी सगळ्यांत ‘क’. सगळे एकाच धातूचे, पच्. धातुपाठात तो ‘डुपचष् पाके’ असा दिला आहे आणि व्याख्येतच ‘पच्’ आणि ‘पाक’ शेजारी बसलेत. ‘च’चा ‘क’ कधी होतो हे सांगायला पाणिनीने सूत्र केलं, ‘चजोः कु घिण्ण्यतोः’. भुज् पासून भोग, त्यज् पासून त्याग, रुज् पासून रोग, तसा पच् पासून पाक.

हा अदलाबदलीचा खेळ मुळात का आला, हे संस्कृतमध्ये राहून दिसत नाही. ते कळायला स्लाव्ह भाषांची मदत होते, सर्बो-क्रोएशियन त्यांतलीच एक. संस्कृत आणि स्लाव्ह भाषा ज्या आदिम भाषेतून आल्या, तिच्यात या धातूचा स्वर ‘ए’सारखा होता आणि शेवटी ‘क’. ‘तो भाजतो’ हे रूप ‘पेकेति’च्या आसपासचं. ‘क’नंतर ‘ए’ आला की जीभ टाळूकडे सरकते आणि ‘क’चा ‘च’ होतो. संस्कृतमध्ये हे घडून गेल्यावर तो ‘ए’ पुढे ‘अ’ झाला, त्यामुळे ‘पचति’त ‘च’ उरला पण त्याचं कारण पुसलं गेलं. स्लाव्ह भाषांत ‘क’चा ‘च’ होणं संस्कृतहून वेगळं, स्वतंत्रपणे आणि बऱ्याच नंतर झालं, आणि तिथे ‘ए’ शाबूत राहिला: ‘पेचे’. जिथे पुढे ‘ए’ नव्हता तिथे ‘क’ टिकला, संस्कृतात ‘पाक’, सर्बो-क्रोएशियनमध्ये ‘पेकार’, म्हणजे बेकरीवाला. युरोपातल्या भाषाशास्त्रज्ञांना 1870 च्या दशकात हा नियम उलगडला, तोवर संस्कृतचा ‘अ’ हाच सर्वांत जुना स्वर असं धरून चालत असत. बेलग्रेडमधला पाववाला आज ‘पेचे’ म्हणतो तेव्हा ‘पचति’तल्या ‘च’चं हरवलेलं कारण त्याच्या तोंडून ऐकू येतं. मला या क्रियापदाचं सर्वांत मोठं आकर्षण हेच वाटतं.

अर्थाच्या वाटा मात्र फुटल्या. मराठीत ‘पचणे’ पोटातल्या अग्नीकडे गेलं आणि ‘पिकणे’ झाडावर व शेतात. चुलीवरचं काम ‘भाजणे’, ‘शिजवणे’ यांनी घेतलं. म्हणून ‘पेच्यि’ ऐकून ‘पचणे’ असा अर्थ लावू नका, अन्न पचण्याला तिकडे दुसरं क्रियापद आहे. नातं लक्षात ठेवायचं ते रूपांसाठी.

वर्तमानकाळ

मी भाजतो/भाजते : पेचेम
तू : पेचेश
तो, ती, ते : पेचे
आम्ही, आपण : पेचेमो
तुम्ही : पेचेते
ते, त्या, ती : पेकु

शाळेत ‘पचामि, पचसि, पचति, पचामः, पचथ, पचन्ति’ घोकलं असेल तर शेवट कानाला ओळखीचे वाटतील. पहिल्या पाचांत ‘ए’ आहे म्हणून ‘च’. सहाव्यात ‘उ’ आहे म्हणून ‘क’. संस्कृतने ‘पचन्ति’मध्ये इतर रूपांच्या देखादेखी ‘च’ घालून घेतला, स्लाव्ह भाषेने जुना ‘क’ सांभाळला. नवशिक्यांचा हात नेमका इथेच घसरतो, ते ‘पेचु’ म्हणतात. ‘पेकु’ तोंडात बसवण्यासाठी वरचं ‘पेकु मे ओचि’ हे वाक्य पाठ करा.

‘पेचेम’मधला ‘म’ नंतरचा आहे. जुन्या रूपात ‘मी भाजतो’लाही ‘पेकु’सारखंच काहीतरी म्हणत. ‘शकणे’ या अर्थाच्या ‘मोच्यि’ने ते अजून जपलंय: ‘मोगु’ म्हणजे मी शकतो, ‘मोझेश’ तू शकतोस. तिथे ‘क-च’ऐवजी ‘ग-झ’ची जोडी आहे, आपल्या ‘त्याग-त्यजणे’सारखी.

नकार क्रियापदाआधी येतो: ‘ने पेचेम’, मी भाजत नाही.

मूळ रूप आणि भविष्यकाळ

शब्दकोशात शोधायचं ते ‘पेच्यि’. मऊ ‘च्य’ कुठून आला? शेवटी ‘ति’ लागून ‘पेक्ति’ असं रूप होतं. ‘क्त’पुढे ‘इ’ आल्यावर दोन्ही व्यंजनं वितळून एक मऊ ध्वनी झाला. ‘रात्र’ला ‘नोच्य’ म्हणतात, तिथेही हेच झालंय. आपल्याकडच्या ‘नक्त’ उपवासातला ‘नक्त’ म्हणजे रात्र, तो याच शब्दाचा भाऊ.

भविष्यकाळासाठी ‘इच्छिणे’ या क्रियापदाची आखूड रूपं जोडायची: च्यु, च्येश, च्ये, च्येमो, च्येते, च्ये. ‘पेच्यि च्यु’, मी भाजेन. ‘ति’ने संपणाऱ्या क्रियापदांत या जोडणीच्या वेळी क्रोएशियन आणि सर्बियन लेखन वेगळं होतं, ‘च्यि’वाल्यांत दोन्हीकडे सारखंच, ही मोठी सोय. आणखी फरक आहे तो असा की सर्बियात ‘सुत्रा च्यु दा पेचेम’ (उद्या मी भाजेन) असं ‘दा’ घालून बोलायची सवय आहे, तर क्रोएशियात ‘सुत्रा च्यु पेच्यि’. नकार ‘नेच्यु पेच्यि’.

एक सापळा सांगून ठेवतो. ‘पेच्य’ असं नामही आहे, अर्थ भट्टी किंवा शेगडी. ‘उ पेच्यि’ म्हणजे भट्टीत, तिथे क्रियापद नाही. गुहेला ‘पेच्यिना’ म्हणतात तेही याच कुळातलं, आणि कोसोव्होतल्या ज्या गावी सर्बियन चर्चचं जुनं पीठ आहे त्याचं सर्बियन नावही पेच्य.

आज्ञा

पेत्सि : भाज
पेत्सिमो : भाजूया
पेत्सिते : भाजा

इथे ‘चूल’वाला ‘त्स’ येतो. कारण या रूपातला ‘इ’ अस्सल ‘इ’ नाही, तो ‘ओइ’ अशा संयुक्त स्वरापासून झाला. संस्कृतच्या ‘पचेत्’, ‘पचेः’ या विध्यर्थातला ‘ए’ त्याच स्वराचा. स्लाव्ह भाषांनी विध्यर्थ उचलून त्याची आज्ञा केली. त्या स्वरापुढे ‘क’चा ‘त्स’ होतो, ‘च’ होत नाही. अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाशी एकट्याशीही ‘पेत्सिते’ म्हणायचं, जसं आपण ‘तुम्ही’ म्हणतो. ‘भाजू नकोस’ला ‘नेमोय पेच्यि’.

आज्ञार्थ पक्का करायला एक म्हण पुरेशी आहे: ‘इस्पेत्सि पा रेत्सि’. नीट भाज, मग बोल. म्हणजे आधी विचार कर. ‘रेच्यि’, सांगणे, हेही याच वळणाचं, म्हणून यमक जुळतं.

भूतकाळ : मराठी माणसाने इथे थांबावं

भूतकाळाला दोन तुकडे लागतात. एक ‘असणे’चं छोटं रूप: साम, सि, ये, स्मो, स्ते, सु (अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति हे आठवा). दुसरं लिंगवचनाप्रमाणे बदलणारं विशेषण.

एकवचन : पेकाओ (पुल्लिंग), पेक्ला (स्त्रीलिंग), पेक्लो (नपुंसकलिंग)
अनेकवचन : पेक्लि, पेक्ले, पेक्ला

‘ला, ली, ले’ची सवय असलेल्याला हे घरचं वाटतं. तीन लिंगं, दोन्ही वचनांत वेगळी रूपं, आणि ‘ल’सुद्धा. आपला ‘ल’ प्राकृतातल्या ‘इल्ल’ प्रत्ययातून आला, त्यांचा वेगळ्या वाटेने, तरी लक्षात ठेवायला साम्य उपयोगी आहे. पुल्लिंगात शेवटचा ‘ल’ बदलून ‘ओ’ होतो. बेलग्रेडला स्थानिक लोक ‘बेओग्राद’ म्हणतात, ‘पांढरं नगर’, त्यातला ‘बेओ’ पूर्वीचा ‘बेल’. तसाच ‘पेकाल’चा ‘पेकाओ’.

आता धोका. मराठीत ‘पेतारने भाकरी भाजली, मारियाने पाव भाजला’. क्रियापद कर्माच्या मागे जातं. सर्बो-क्रोएशियनमध्ये ते नेहमी कर्त्यामागे जातं. ‘मारिया ये इस्पेक्ला क्रुह’: पाव पुल्लिंगी असूनही क्रियापद स्त्रीलिंगी, कारण भाजणारी मारिया. ‘पेतार ये इस्पेकाओ पितु’: पिता हा थरांचा पदार्थ स्त्रीलिंगी, क्रियापद पुल्लिंगी. मराठी डोक्यातून वाक्य तयार करताना हे सतत उलटं होण्याची भीती असते. बाई बोलत असेल तर तिने ‘पेक्ला साम’ म्हणावं, पुरुषाने ‘पेकाओ साम’, आणि काय भाजलं याचा विचारच करू नये. हे छोटं ‘साम’ किंवा ‘ये’ वाक्यात दुसऱ्या जागी बसतं: ‘या साम पेक्ला’ (‘या’ म्हणजे मी) किंवा ‘पेक्ला साम’. ‘साम पेक्ला’ अशी सुरुवात करायची नाही. नकारात ते ‘निसाम’ होतं आणि मग पुढे आलं तरी चालतं.

‘पेकोह, पेकोस्मो’ असा एक जुना एकपदी भूतकाळही वाचनात भेटेल. ओळखता आला तरी सुरुवातीला पुरे.

चालू काम, पुरं झालेलं काम

वर ‘इस्पेक्ला’ आलं. ‘इस्’ लावला की काम तडीस गेलं: भाजून झालं. ‘पेक्ला साम क्रुह’ म्हणजे पाव भाजत होते, झाला की नाही ते सांगितलेलं नाही. ‘इस्पेक्ला साम क्रुह’ म्हणजे भाजून झाला, ये जेवायला. रूपं सगळी वरच्याप्रमाणेच चालतात. फक्त ‘काय करतोयस?’ याच्या उत्तरात ‘इस्पेचेम’ कधीच येत नाही, तिथे ‘पेचेम’. ‘इस्पेचेम’ला आधार लागतो: ‘काद इस्पेचेम’, भाजून झालं की.

उपसर्ग बदलले की अर्थ हलतो. ‘ओपेच्यि से’ म्हणजे स्वतःला भाजून घेणं, चटका बसणं. ‘ओपेक्ला साम से’, मला भाजलं. ‘झापेच्यि’ म्हणजे वरून खमंग थर येईपर्यंत भाजणं. आणि ‘इस्पेच्यि झानात’, शब्दशः धंदा भाजून काढणं, म्हणजे एखाद्या कामात तयार होणं.

खाण्याच्या यादीत

‘पेचेन, पेचेना, पेचेनो’ म्हणजे भाजलेला, भाजलेली, भाजलेलं. ‘पेचेना पिलेतिना’ भाजलेली कोंबडी, ‘पेचेन क्रुम्पिर’ भाजलेला बटाटा, सर्बियात ‘क्रोम्पिर’. ‘पेचेन्ये’ हे नाम भाजण्याच्या क्रियेलाही लागतं आणि भाजलेल्या मांसालाही. साराजेवोहून मोस्तारला जाताना लागणारं याब्लानित्सा सळीवर फिरवत भाजलेल्या कोकरासाठी प्रसिद्ध आहे. क्रोएशियातल्या दाल्मात्सियाच्या किनाऱ्यावर ‘इस्पोद पेके’ दिसलं तर घंटेच्या आकाराच्या लोखंडी झाकणाखाली, वर निखारे रचून भाजलेलं मांस किंवा ऑक्टोपस. ते झाकण म्हणजे ‘पेका’. हा पदार्थ वेळखाऊ असतो, बऱ्याच ठिकाणी आधी सांगून ठेवावा लागतो. शाकाहारी असाल तर ‘पेचेने पाप्रिके’ शोधा. आणि चहात बुडवायच्या टोस्टला म्हणतात ‘द्वोपेक’, दोनदा भाजलेला.

यानंतर काय घ्याल

‘पेच्यि’ अंगवळणी पडलं की त्याच साच्यातली ‘व्हुच्यि’ (ओढणे) आणि ‘तुच्यि’ (मारणे) घ्या: व्हुचेम, व्हुकु, व्हुत्सि, व्हुकाओ, तुचेम, तुकु, तुत्सि, तुकाओ. ‘कापणे’चं क्रोएशियात ‘स्येच्यि’, सर्बियात ‘सेच्यि’, वळण तेच. ‘रेच्यि’चं वर्तमान क्वचितच ऐकू येतं, ‘मी सांगतो’ म्हणायला ‘काझेम’ वापरा. शंका आली तर ‘ह्र्वात्स्की येझिच्नि पोर्ताल’ हा इंटरनेटवरचा मोफत क्रोएशियन शब्दकोश उघडा, पण मूळ रूपाने शोधा, ‘पेकु’ टाकून नव्हे.

मग नामांकडे वळा, कारण ‘क, च, त्स’ तिथेही तुमची वाट पाहतायत. कामगार म्हणजे ‘राद्निक’. हाक मारताना ‘राद्निचे’, कारण पुढे ‘ए’. अनेक असतील तर ‘राद्नित्सि’, कारण पुढचा ‘इ’ ‘पेत्सि’तल्यासारखाच ‘ओइ’पासून आलेला.